चुकायची मुभा देणारी बाहुली

प्रथमोपचाराचा धडा आपण वर्गात शिकवतो. बेशुद्ध माणसाला कसे झोपवावे, मान कशी मागे करावी, श्वास कसा द्यावा, हे सारे फळ्यावर क्रमाने लिहून देतो. मुले ते वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत प्रश्न आला तर पाचपैकी पाच गुणही मिळवतात. पण उद्या शाळेच्या मैदानावर खरोखरच कोणी कोसळले तर? पाच गुण मिळवणारा मुलगा पुढे होईल का? त्याचे सोडा, धडा शिकवणारे आपण तरी पुढे होऊ का?

माहीत असणे आणि करता येणे यांत अंतर असते, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको. बहुतेक विषयांत हे अंतर चुकतमाकत पार करता येते. गणित चुकले तर खोडरबर असतो, पोळी करपली तर दुसरी लाटता येते. पण बाळंतपण, शस्त्रक्रिया, भूल देणे, बुडालेल्याला वाचवणे या कामांत शिकणाऱ्याची चूक दुसऱ्याच्या जिवावर बेतते. मग शिकाऊ हाताखाली येणारा पहिला रोगी कोणी व्हायचे?

या पेचातून निघण्याचा एक मार्ग माणसाने फार पूर्वीच शोधला. खऱ्या माणसाला हात लावण्यापूर्वी खोट्या माणसावर हात बसवायचा. वैद्यकशिक्षणात याला आज ‘सिम्युलेशन’ म्हणतात. आपण ‘प्रतिरूप-सराव’ म्हणू. त्याचा इतिहास वाचू लागलो की प्रथम डोळ्यांत भरते ती बाहुल्यांची प्रगती: कापडाची बाहुली, मग प्लास्टिकची, मग संगणकावर चालणारी. पण बाहुली हुबेहूब झाली म्हणून किती जीव वाचले, हा हिशेब वेगळाच निघतो. शिकवण्याचा धंदा करणाऱ्या आपल्यासारख्यांनी तो मुद्दाम पाहावा असा आहे.

भोपळा आणि कमळाचा देठ

सुरुवात आपल्याच एका जुन्या ग्रंथापासून करता येईल. सुश्रुतसंहितेतील सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायाचे नाव ‘योग्यासूत्रीय’ असे आहे. योग्या म्हणजे प्रत्यक्ष कर्माचा सराव. शिष्याने सगळे शास्त्र शिकून घेतले तरी त्याच्याकडून योग्या करून घ्यावी, नाहीतर पुष्कळ ऐकलेला शिष्यही कामाच्या वेळी कुचकामी ठरतो, असे या अध्यायाचे सांगणे आहे.

त्यानंतर कोणते कर्म कशावर शिकवावे याची यादीच येते. कापण्याचा सराव कोहळा, भोपळा, काकडी अशा फळांवर. फोडण्याचा सराव पाण्याने किंवा चिखलाने भरलेल्या कातडी पिशवीवर. खरवडण्याचा सराव केसाळ कातड्यावर. शीर टोचायला शिकायचे ते मेलेल्या जनावराच्या शिरेवर किंवा कमळाच्या देठावर. जखमेत सळई घालून तिची खोली शोधायला शिकायचे ते किडीने पोखरलेल्या लाकडात आणि बांबूच्या नळीत. आत रुतलेली वस्तू ओढून काढण्यासाठी फणसासारख्या फळातील बी, टाके घालण्यासाठी जाड आणि बारीक कापडाच्या कडा, आणि पट्ट्या बांधण्यासाठी अवयव दाखवलेला माणसाचा पुतळा.

भोपळा काही माणसासारखा दिसत नाही. पण तसा तो दिसण्याची गरजही नाही. प्रत्येक कर्मातली नेमकी अडचण कोणती ते आधी हेरले आहे आणि तेवढ्या अडचणीला पुरेल अशी वस्तू निवडली आहे. कमळाचा देठ शिरेसारखाच मऊ, पोकळ आणि सुईखालून निसटणारा. तेथे तेवढेच साम्य उपयोगाचे. शिवाय या सगळ्या वस्तू परसात किंवा बाजारात मिळणाऱ्या, म्हणजे बिघडल्या तर दुसऱ्या आणता येणाऱ्या.

राजाने नेमलेली सुईण

आता एकदम अठराव्या शतकातील फ्रान्समध्ये जाऊ. हाच विचार घेऊन तेथे एका सुईणीने जवळजवळ सगळा देश पालथा घातला. तिचे नाव आंजेलिक द्यु कुद्रे. पॅरिसमध्ये रीतसर शिकून १७४० साली तिने सुईणीचा परवाना मिळवला आणि पुढे काही वर्षांनी ती ओव्हेर्न्य या डोंगराळ प्रांतात खेड्यातील बायकांना शिकवायला गेली. अडलेल्या बाळंतपणात आई आणि मूल दोघेही जाण्याचे प्रकार खेड्यांत नेहमीचेच होते. शिकायला येणाऱ्या बहुतेक बायकांना अक्षरओळख नव्हती. त्यांना पुस्तक देऊन उपयोग नव्हता, आणि शरीररचनेवर व्याख्यान देऊनही नव्हता.

म्हणून तिने एक ‘यंत्र’ तयार केले. ती त्याला यंत्रच म्हणे. खरे तर ते कापड, चामडे आणि कापूस यांचे बनवलेले बाईचे धड होते, कमरेपासून मांड्यांपर्यंतचे. त्यात नवजात बाळाएवढी बाहुली, तिला जोडलेली नाळ आणि वार, शिवाय जुळ्यांची जोडी असा सरंजाम असे. पुढच्या काही यंत्रांत रंगीत पाणी शोषलेले स्पंजही ठेवलेले असत. योग्य वेळी ते दाबले की रक्त आणि गर्भजल वाहू लागे. पॅरिसच्या शल्यचिकित्सा अकादमीने या यंत्राला मान्यता दिली. रुआँ शहरातील वैद्यकीय संग्रहालयात असे एक यंत्र आजही जपून ठेवले आहे. त्याची क्ष-किरण तपासणी झाली तेव्हा आत माणसाच्या ओटीपोटाची खरी हाडे बसवलेली आढळली. बाळाचे डोके ज्या हाडांच्या कड्यात अडते, ते कडे तिने खरे घेतले होते. बाकी सारे कापडाचे चालले.

बाहुलीची एक खुबी सांगण्यासारखी आहे. तिला उघडे तोंड आणि आत जीभ होती. हे कशासाठी? बाळ पायाळू असेल तर आधी पाय आणि धड बाहेर येते आणि डोके मागे अडकते. घाबरलेली दाई अशा वेळी बाळाला ओढू लागते आणि मानेला इजा होते. त्याऐवजी बाळाच्या तोंडात बोट घालून त्याची हनुवटी छातीकडे वळवली तर डोके सुटण्यास मदत होते. हे सांगून कळणारे नाही, बोटांनीच ते शिकायला हवे. म्हणून बाहुलीला तोंड.

१७५९ साली तिचे पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी पंधराव्या लुईने तिला देशभर फिरून शिकवण्याची सनद दिली. राजदरबाराला काळजी होती ती घटत्या लोकसंख्येची. सप्तवार्षिक युद्ध चालू होते आणि सैन्याला माणसे हवी होती. हेतू काहीही असो, पुढची पंचवीसेक वर्षे ही बाई यंत्रे गाड्यांवर लादून गावोगाव हिंडली. एका ठिकाणचा वर्ग साधारण दोन महिने चाले. प्रत्येकीला यंत्रावर हात चालवावा लागे, चुकले तर पुन्हा, जमेपर्यंत. निघताना ती त्या शहरात एक यंत्र ठेवून जाई आणि स्थानिक शल्यवैद्यांना ते वापरून शिकवण्याची रीत समजावून देई. तिच्या हाताखालून गेलेल्या बायकांची संख्या काही हजारांत जाते.

खेळणीवाल्याची ॲन

द्यु कुद्रेच्या बाहुलीवर शिकल्या त्या सुइणी. यानंतरच्या बाहुलीने मात्र सामान्य माणसाला हे शिक्षण खुले केले.

बुडालेल्या किंवा श्वास थांबलेल्या माणसाला वाचवण्यासाठी १९५० च्या दशकापर्यंत पाठ दाबणे, हात वर-खाली करणे अशा पद्धती शिकवल्या जात. अमेरिकेत जेम्स एलम यांनी दाखवून दिले की आपण सोडलेल्या उच्छ्वासातही दुसऱ्याला जगवण्याइतका ऑक्सिजन असतो. शुद्ध हवेत तो सुमारे २१ टक्के असतो, उच्छ्वासात सुमारे १६ टक्के. व्हिएन्नाहून अमेरिकेत आलेले भूलतज्ज्ञ पीटर सफार यांनी बाल्टिमोर येथे पुढचे प्रयोग केले. औषधाने ज्यांचे स्नायू शिथिल केले आहेत अशा स्वयंसेवकांना अगदी नवशिक्या माणसांनी तोंडाने श्वास दिला, आणि ही रीत जुन्या पद्धतींपेक्षा कितीतरी परिणामकारक ठरली.

शास्त्र सिद्ध झाले, पण शिकवायचे कसे? प्रत्येक विद्यार्थ्यासाठी औषध देऊन निश्चल केलेला स्वयंसेवक आणणे अशक्य. हा प्रश्न नॉर्वेतील भूलतज्ज्ञ ब्यर्न लिंड यांनी स्टावांगेर गावच्या एका खेळणी-कारखानदारापुढे ठेवला. त्याचे नाव ऑस्मुंड लेर्दाल. मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या बनवण्यात त्याचा हात बसलेला होता, आणि प्रथमोपचाराच्या वर्गांसाठी खोट्या जखमाही त्याने बनवल्या होत्या. स्वतःचा लहान मुलगा पाण्यात बुडता बुडता वाचल्याचा अनुभवही त्याच्या गाठीशी होता. १९६० साली त्याची माणसाएवढी बाहुली बाजारात आली, ‘रिसस्सी ॲन’. तिचा चेहरा एका मुखवट्यावरून घेतला होता. पॅरिसच्या सीन नदीत सापडलेल्या अनोळखी तरुणीचा तो मुखवटा, अशी दंतकथा युरोपात प्रसिद्ध होती. त्याच वर्षी बाल्टिमोरच्याच कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छाती बाहेरून दाबून थांबलेल्या हृदयाचे काम चालू ठेवता येते हे जाहीर केले, आणि लवकरच ॲनच्या छातीत स्प्रिंग बसली.

ॲनचा चेहरा सुंदर आहे, पण शिक्षक म्हणून तिचा गुण निराळा. तिची मान नीट मागे केली नाही तर कितीही जोराने फुंका, हवा आत जातच नाही. मान बरोबर वळवली की छाती वर उचललेली दिसते. चूक झाली हे सांगायला गुरुजींची गरज पडत नाही, बाहुलीच ते सांगते. लिंड यांनी तर ही बाहुली नॉर्वेच्या प्राथमिक शाळांत नेली आणि मुले हे शिकू शकतात, असे १९६१ साली प्रसिद्ध केले.

एकुलता एक सिम-वन

यानंतर हुबेहूबपणाची ओढ वाढणे साहजिक होते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात भूलतज्ज्ञ जडसन डेन्सन आणि शिक्षणशास्त्रज्ञ स्टीफन एब्रहॅमसन यांनी अभियंत्यांच्या मदतीने संगणकावर चालणारा एक रोगी तयार केला. त्याचे नाव ‘सिम-वन’. त्याची छाती हले, पापण्या मिटत, बाहुल्या विस्फारत, नाडी लागे, आणि दिलेल्या औषधाप्रमाणे त्यात फरकही पडे. श्वासनलिकेत नळी घालणे हे भूलतज्ज्ञाचे अवघड काम त्याच्यावर शिकलेले निवासी डॉक्टर लवकर तयार होतात, असे चाचणीतही दिसले. तरीही सिम-वन एकच बनला. त्या काळच्या संगणकाचा खर्च पाहता दुसरा कोणी बनवला नाही. सुश्रुताचा भोपळा आणि ॲन गावोगाव पोचू शकत होते, सिम-वनला एका खोलीबाहेर पडणे जमले नाही.

बाहुलीनंतरचे बोलणे

या कथेतला पुढचा दुवा विमानविद्येतून आला. अमेरिकेच्या एडविन लिंक यांनी १९२९ साली ऑर्गन बनवण्याच्या कारखान्यातील भाते वापरून जमिनीवरच हेलकावे खाणारे शिकाऊ विमान तयार केले होते. सुरुवातीला त्याला गिऱ्हाईक मिळाले ते करमणुकीच्या जत्रांतून. १९३४ साली अमेरिकी लष्कराकडे टपाल वाहण्याचे काम आले. खराब हवामानात उपकरणांकडे पाहून उड्डाण करण्याची सवय नसलेले डझनभर वैमानिक थोड्या अवधीत प्राणास मुकले. त्यानंतर लष्कराने लिंक यांची सहा यंत्रे विकत घेतली.

पुढे विमानविद्येला आणखी एक धडा मिळाला. १९७७ साली टेनेरिफ बेटावरील धावपट्टीवर दोन विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे मेली. वैमानिकांना विमान चालवता येत नव्हते असे मुळीच नाही. घोटाळा झाला तो एकमेकांशी बोलण्यात आणि वरिष्ठाला वेळीच अडवण्यात. तेव्हापासून सबंध चमूने मिळून सराव करण्याची पद्धत रूढ झाली.

स्टॅनफर्ड येथील भूलतज्ज्ञ डेव्हिड गाबा यांनी १९८० च्या दशकात हाच विचार शस्त्रक्रियागृहात आणला. खऱ्याखुऱ्या उपकरणांमध्ये बाहुला ठेवायचा, अचानक संकट उभे करायचे, डॉक्टर आणि परिचारिका काय करतात याचे चित्रण करायचे आणि नंतर सर्वांनी बसून ते पाहायचे. ‘येथे मला कळले नव्हते’, ‘मला दिसत होते पण बोलायचा धीर झाला नाही’ अशा कबुल्या या बैठकीतच निघतात. प्रतिरूप-सरावाची जाणकार मंडळी आज या मागाहूनच्या बोलण्याला सरावाइतकेच महत्त्व देतात. ते दोष काढण्यासाठी झाले तर पुढच्या वेळी कोणी तोंड उघडत नाही, हेही त्यांना अनुभवाने कळले आहे.

आठवड्याला पाच मिनिटे

आता शेवटचा टप्पा, आणि माझ्या मते सर्वांत बोलका.

जन्मल्यावर काही बाळे लगेच श्वास घेत नाहीत. त्यांना पुसून, चोळून, आणि गरज पडली तर पिशवी आणि मुखपट्टीने पहिल्या एका मिनिटात हवा दिली तर त्यांतील पुष्कळ वाचतात. ती मदत न मिळाल्यास हृदय चालू असलेले बाळही ‘मृत जन्मले’ म्हणून बाजूला ठेवले जाण्याचा धोका असतो. हे शिकवण्यासाठी २०१० साली ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ हा अभ्यासक्रम सुरू झाला. त्यात एक साधी, पाणी भरून वजनदार करता येणारी बाहुली वापरतात. चेंडूसारखा छोटा फुगा दाबून शिक्षक तिच्या नाळेचे ठोके चालू किंवा बंद करतो.

आपल्या शेजारच्या बेळगाव भागात ५९९ प्रसूती-सेवकांना हे शिक्षण देण्यात आले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार मृत जन्मांचे प्रमाण ३.० टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आले. मात्र जन्मानंतरच्या मृत्यूंत फरक दिसला नाही. पुढे बेळगाव, नागपूर आणि केनिया येथील मोठ्या पाहणीतही सगळीकडे सारखी घट आढळली नाही. शिकवले, शिकणाऱ्यांना आले, तरी बाळे अपेक्षेइतकी वाचली नाहीत. असे का व्हावे?

टांझानियातील हायडम या ग्रामीण रुग्णालयाने याचे उत्तर शोधले. तेथे २०१० साली सर्वांना एक दिवसाचे प्रशिक्षण दिले गेले. काही महिन्यांनी बाहुलीवर परीक्षा घेतली तेव्हा सर्वांची कामगिरी सुधारलेली होती. पण प्रसूतिगृहात प्रत्यक्ष काय घडते याची नोंद पाहिली तर जवळजवळ काहीच बदलले नव्हते! शिक्षण बाहुलीपर्यंत पोचले होते, बाळापर्यंत नव्हते.

मग त्यांनी पद्धत बदलली. बाहुली प्रशिक्षणाच्या खोलीतून उचलून प्रसूतिगृहात ठेवली. आठवड्यातून एकदा, कामावर असतानाच, तीन ते पाच मिनिटे सराव करायचा. अधूनमधून थोडा मोठा सराव. नवे यंत्र नाही, नवा ग्रंथ नाही. २०१५ साली या बदलाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या चोवीस तासांत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण हजारी ११.१ वरून ७.२ वर आले होते. म्हणजे दर हजार जन्मांमागे सुमारे चार बाळे अधिक घरी गेली. बाहुली तीच होती आणि शिकणारी माणसेही त्याच रुग्णालयातली होती. बदलले होते ते सरावाचे ठिकाण आणि त्याची वारंवारता.

एक दिवसाच्या प्रशिक्षणाचा अनुभव आपणा शिक्षकांनाही पुरेपूर आहे. सकाळी नाव नोंदवायचे, दुपारी जेवायचे, संध्याकाळी प्रमाणपत्र घ्यायचे, आणि सोमवारी पूर्वीसारखेच वर्गात उभे राहायचे. हायडमची आकडेवारी वाचताना ते आठवल्याशिवाय राहत नाही.

आपल्या वर्गासाठी

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली ‘किड्स सेव्ह लाइव्ह्ज’ या निवेदनाला पाठिंबा दिला. बारा वर्षांपासून पुढच्या प्रत्येक शालेय विद्यार्थ्याला वर्षातून दोन तास प्राणरक्षणाची कृती शिकवावी, असे त्यात म्हटले आहे. हे दोन तास सलग एकाच दिवशी उरकावेत की थोडे थोडे करून वर्षभर वाटावेत, याचे उत्तर वरच्या हकिगतीत आहे.

जवळच्या रुग्णालयाकडे किंवा रेडक्रॉसच्या शाखेकडे सरावाचा बाहुला असेल तर तो जरूर मागावा, आणि तो कसा वापरायचा हे त्यांच्याच माणसाकडून शिकून घ्यावे. व्याख्यान दहा मिनिटांत संपवून प्रत्येक मुलाचे हात त्या छातीवर पडतील असे पाहावे. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, मोठ्या माणसाची छाती पाच-सहा सेंटिमीटर खाली जाईल इतका दाब. दोन मिनिटांत हात किती भरून येतात हे मुलांना स्वतःच कळू द्यावे, म्हणजे ‘मदतीला आणखी कोणाला तरी बोलवा’ ही सूचना पाठ करून घ्यावी लागत नाही. १०८ क्रमांकावर कोण फोन करील आणि दारात कोण उभे राहील, हेही नाटकासारखे करून घ्यावे. चुकेल त्याला हसू नये, पुन्हा करू द्यावे. महिन्याभराने एखादा ऑफ तास मिळाला की काही न सांगता बाहुला पुन्हा वर्गात न्यावा आणि किती आठवते ते पाहावे.

पहिल्या खेपेला बरेचसे विसरलेले असेल. त्याने नाराज होऊ नये. हायडममध्येही एका दिवसाच्या प्रशिक्षणाने भागले नव्हते.